स्मार्ट गॅरेज डोअर ओपनर घेताय? आधी दार बघा, मग मोटर, ॲप सगळ्यात शेवटी

गॅरेजचं दार मोबाईलवरून उघडायचं ठरलं की आपण सगळे सुरुवात उलट्या टोकाकडून करतो. आधी ॲप कसं दिसतं ते बघतो, नुसतं बोलून दार उघडेल का ते बघतो, रिव्ह्यूतले स्टार मोजतो आणि ऑर्डर टाकून मोकळे होतो. मीपण पहिल्या वेळी हेच केलं. फिटिंग करायला आलेल्या माणसाने खोकं उघडायच्या आधी दार हाताने अर्ध्यापर्यंत उचललं आणि सोडलं, ते धाडकन खाली आलं, आणि तो म्हणाला की आधी स्प्रिंग बदला, या दाराला आज मोटर लावली तर वर्षभरसुद्धा टिकायची नाही. त्या दिवशी मोटर लागलीच नाही. आणि बरंच झालं, कारण नंतर मोजल्यावर कळलं की मी मागवलेल्या सेटची रेल (छताखाली लटकणारी लांब पट्टी, जिच्यावरून मोटर दार ओढते) आमच्या दाराच्या उंचीला पुरतच नव्हती.

तेव्हापासून कोणी विचारलं की मी हाच क्रम सांगतो, दार, मोटर, सेफ्टी, आणि मग ॲप. ॲप नाही आवडलं तर नंतर बदलता येतं, छोटा कंट्रोलर लावून जुन्या मोटरलाही स्मार्ट करता येतं. पण गॅरेजचं दार ही घरातली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात जड हलणारी वस्तू आहे, आणि स्मार्ट ओपनर घेणं म्हणजे आपण समोर नसताना ती वस्तू हलवायची सोय करणं. म्हणून खालचं सगळं जरा सावकाश वाचा.

पायरी १: आपलं दार कुठल्या प्रकारचं आहे?

दुकानात किंवा ऑनलाईन "गॅरेज डोअर ओपनर" म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा सेक्शनल दारासाठी असतं. सेक्शनल म्हणजे चार-पाच आडवी पॅनेल बिजागऱ्यांनी एकमेकांना जोडलेली, बाजूच्या ट्रॅकमधून रोलरवर चालत वर जातात आणि छताखाली आडवी होतात. असं दार असेल तर तुमच्याकडे सगळ्यात जास्त पर्याय आहेत.

दुसरं म्हणजे अखंड एका फळीचं दार, जे खालच्या बाजूने बाहेर झुलत वर जातं. यालाही रेलवाला ओपनर चालतो, पण बऱ्याच वेळा वेगळा वाकडा आर्म (दाराला रेलशी जोडणारा दांडा) लागतो, आणि दार बाहेर झुलत असल्यामुळे गाडी दाराला खेटून उभी असेल तर मोबाईलवरून दार उघडताना गाडीला आपटू शकतं, हे विसरू नका.

तिसरं आपलं गुंडाळलं जाणारं शटर. याला छताला लटकवायचा रेलवाला ओपनर चालत नाही. शटरला एकतर पाइपच्या आत बसणारी ट्युब्युलर मोटर लागते नाहीतर बाजूला बसणारी मोटर. आणि इथे एक गोष्ट मी कळकळीने सांगतो. अनेक शटर मोटर "बटण दाबून धरलं तोपर्यंत चालणार, सोडलं की थांबणार" या पद्धतीच्या असतात. ती पद्धत मुद्दाम तशी ठेवलेली असते, कारण त्या शटरला अडथळा ओळखणारा सेन्सर नसतो आणि बटण दाबणारा माणूस समोर उभा राहून बघत असणं हीच त्याची सेफ्टी असते. अशा मोटरला स्वस्तातला वाय-फाय रिले जोडून ते शटर ऑफिसमधून खाली करायचं म्हणजे ती एकमेव सेफ्टी काढून टाकणं. आधी खालच्या कडेला सेफ्टी एज (काही लागून दबली की शटरला थांबवणारी पट्टी) किंवा बाजूंना फोटो सेन्सर (मधला किरण अडला की शटरला थांबवणारा) आणि त्यांना ओळखणारा कंट्रोल बोर्ड बसवून घ्या, स्मार्टचं नंतर.

दोन पल्ल्यांचं बाजूला उघडणारं दार असेल तर त्याला गेट ओपनरसारखी आर्मवाली मोटर लागते, तो विषय वेगळा आहे, इथे फक्त इतकंच की रेलवाला सेट मागवू नका.

पायरी २: टेप घ्या आणि मोजा

दाराची उंची आणि रुंदी तर घ्याच, पण खरी अडचण येते ती डोक्यावरच्या जागेत. सेक्शनल दार वर जाताना एका ठिकाणी ट्रॅकपेक्षाही थोडं उंच वळण घेतं. दार हळूहळू वर करत सगळ्यात उंच बिंदू कुठे येतो ते बघा आणि तिथून छतापर्यंत किती जागा उरते ते मोजा, कारण ओपनरची रेल त्या फटीतून जायची असते. साधारण २ ते ३ इंच तरी लागतात, नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये दिलेला असतो आणि मॅन्युअल विकत घ्यायच्या आधीच ऑनलाईन वाचायला मिळतं, ते वाचा.

रेल बऱ्याच वेळा ७ फूट उंचीच्या दाराच्या हिशेबाने येते. दार ८ फूट असेल तर एक्स्टेन्शन किट किंवा लांब रेल वेगळी मागवावी लागते. मी इथेच फसलो होतो. शिवाय दार पूर्ण वर गेल्यावर त्याच्या मागे मोटरचा डबा लटकायला जागा पाहिजे, तिथे वर आधाराला बीम किंवा पक्कं काँक्रीट पाहिजे (नुसत्या फॉल्स सीलिंगला मोटर लटकवायची नाही), आणि जवळ प्लग पॉइंट पाहिजे. एक्स्टेन्शन बोर्डवर कायमचं चालवायचा विचार असेल तर तो सोडा, आत्ताच इलेक्ट्रिशियनला सांगून पॉइंट काढून घ्या.

छत फार उंच असेल, तिरकं असेल, किंवा वर जागाच नसेल तर निराश होऊ नका, त्यासाठी भिंतीला बसणारी मोटर असते, ती पुढे सांगतो. तिच्यासाठी दाराच्या बाजूला, शाफ्टच्या (दाराच्या वरच्या आडव्या दांड्याच्या) टोकाशी किती जागा आहे तेही आत्ताच मोजून ठेवा.

आणि मोजमाप चालू असतानाच एक काम करा. दार बंद करा, मोटर जिथे बसणार आहे तिथे शिडीवर चढून मोबाईल धरा आणि घरचं वाय-फाय किती येतंय ते बघा. दार बंद करूनच बघा, कारण धातूचं दार सिग्नल अडवतं. बहुतेक ओपनर आणि कंट्रोलर २.४ गिगाहर्ट्झच्या बँडवरच चालतात, ५ वर नाही, त्यामुळे फोन ५ वर जोडलेला असेल तर ती चाचणी निरुपयोगी आहे. सिग्नल कमजोर असेल तर एक मेश पॉइंट किंवा रिपीटर गॅरेजच्या जवळ लागणार, तो खर्च आत्ताच धरून ठेवा.

पायरी ३: दार बॅलन्समध्ये आहे का, हे सगळ्यात महत्त्वाचं

बहुतेकांना वाटतं की दार मोटर उचलते. मोटर नाही उचलत, दाराचं वजन स्प्रिंग उचलते. स्प्रिंग बरोबर ताणलेली असेल तर दीड-दोन माणसांच्या वजनाचं दार एका हाताने उचलता येतं, आणि मोटरचं काम फक्त त्याला वर-खाली न्यायचं. स्प्रिंग थकली की तेच वजन मोटरच्या गिअरवर येतं, आणि मग "ओपनर वर्षात खराब झाला" असे रिव्ह्यू लिहिले जातात.

चाचणी सोपी आहे. दार पूर्ण बंद करा. आधीचा ओपनर असेल तर त्याची लाल दोरी ओढून दार मोटरपासून सोडवा. ही दोरी दार खाली असतानाच ओढायची, वर असताना ओढली आणि स्प्रिंग तुटलेली असेल तर अख्खं दार अंगावर येऊ शकतं. मग दार हाताने कमरेपर्यंत उचला आणि हात हलकेच सैल करा, पूर्ण काढू नका. दार तिथल्या तिथे थांबलं किंवा अगदी थोडं हललं तर उत्तम. खाली सरकायला लागलं तर स्प्रिंग ढिली झालीय किंवा दमलीय. वरच्या बाजूला पळायला लागलं तर जास्त ताण आहे. आणि उचलतानाच कुठे अडकत असेल, घासत असेल, वाकडं चालत असेल तर रोलर, बिजागऱ्या नाहीतर ट्रॅकचं काम आहे.

स्प्रिंगचं आयुष्य वर्षांत मोजत नाहीत, सायकलमध्ये मोजतात. एकदा उघडून बंद केलं की १ सायकल. साधी टॉर्शन स्प्रिंग साधारण १०,००० सायकलची असते. दिवसाला ४ वेळा दार उघडबंद होत असेल तर ७ वर्षांच्या आत तो आकडा संपतो. आणि स्मार्ट ओपनर लागल्यावर वापर वाढतो हे माझं निरीक्षण आहे, कारण कुरियरसाठी उघड, मुलं शाळेतून आली उघड, असं व्हायला लागतं. स्प्रिंग जुनी असेल तर मोटरसोबतच बदला, जास्त सायकलची मिळाली तर ती घ्या.

स्प्रिंगला स्वतः हात लावू नका. दाराच्या वर आडव्या शाफ्टवर गुंडाळलेली टॉर्शन स्प्रिंग असो की ट्रॅकच्या बाजूने ताणलेली एक्स्टेन्शन स्प्रिंग असो, त्यात इतका ताण साठलेला असतो की चुकीचा बोल्ट सैल केला तर पान्हा हातातून उडून हाड मोडतं. एक्स्टेन्शन स्प्रिंग असेल तर तिच्या आतून सेफ्टी केबल ओवलेली आहे का तेवढं लांबून बघा. नसेल तर मेकॅनिकला तीही टाकायला सांगा, स्प्रिंग तुटली तर तुकडा गोळीसारखा सुटतो, ती केबल त्याला धरून ठेवते.

पायरी ४: मोटर निवडणं

चेन ड्राइव्ह म्हणजे सायकलसारखी चेन. मजबूत, स्वस्त, आणि आवाज करणारा. गॅरेज घरापासून वेगळं असेल तर मी डोळे झाकून चेन घेईन. बेल्ट ड्राइव्हमध्ये चेनच्या जागी रबराचा बेल्ट असतो, आतून स्टीलच्या किंवा तशाच तंतूंनी पक्का केलेला, आवाज खूपच कमी. गॅरेजच्या वर किंवा शेजारी बेडरूम असेल तर बेल्टच घ्या, रात्री उशिरा येणाऱ्या माणसामुळे अख्खं घर जागं होणं काय असतं ते ज्याने अनुभवलंय त्याला फरकाचे पैसे जड वाटत नाहीत. स्क्रू ड्राइव्ह आता कमी दिसतो, त्याला ग्रीस वेळेवर लागतं, मी तरी शोधायला जाणार नाही.

भिंतीवरची मोटर, जिला जॅकशाफ्ट किंवा साइड माउंट म्हणतात, ती थेट टॉर्शन शाफ्टच्या टोकाला बसते आणि शाफ्टच फिरवते. छत पूर्ण मोकळं राहतं, आवाज कमी, आणि बऱ्याच मॉडेलसोबत दार बंद झालं की आपोआप लागणारा बोल्ट मिळतो. पण तिच्यासाठी टॉर्शन स्प्रिंगवालं दार पाहिजेच, एक्स्टेन्शन स्प्रिंगच्या दाराला ती चालत नाही. शिवाय रेल नसल्यामुळे दाराला खाली ढकलायला काही नसतं, दार स्वतःच्या वजनाने उतरतं आणि मोटर फक्त केबल सोडत जाते. म्हणून दार कुठे अडकलं तर केबल ढिली पडते, ते ओळखणारा केबल टेन्शन मॉनिटर सोबत बसवलाच पाहिजे. फिटिंगवाला म्हणाला "त्याची गरज नाही" तर दुसरा फिटिंगवाला बघा.

ताकदीचे आकडे बघताना जरा जपून. काही बाजारांत १/२, ३/४, १ १/४ हॉर्सपॉवर असं लिहितात, काही ठिकाणी ६००, ८००, १००० न्यूटन असं लिहितात. हॉर्सपॉवरच्या पुढे छोटी अक्षरं जोडलेली असतील तर तो खरा हॉर्सपॉवर नसून "इतक्या हॉर्सपॉवरच्या मोटरसारखं काम करते" असा दावा असतो. ढोबळ अंदाज असा की एका गाडीच्या हलक्या दाराला सगळ्यात लहान वर्ग पुरतो, दोन गाड्यांच्या रुंद, इन्सुलेशनवाल्या किंवा लाकडी दाराला मधला किंवा वरचा घ्या. बॅलन्स चांगला असेल तर ताकदीची चिंता फारशी करावी लागत नाही, आणि बॅलन्स वाईट असेल तर जास्त ताकदीची मोटर उलट धोक्याची, कारण ती बिघडलेलं दारसुद्धा रेटत राहते.

एसी की डीसी? डीसी घ्या. हळू सुरू होते, हळू थांबते, दाराला आणि बिजागऱ्यांना हिसका बसत नाही, आणि बॅटरी बॅकअप देणं तिच्यात सोपं असतं. पातळ पत्र्याचं दार असेल तर आर्म जिथे जोडतात त्या वरच्या पॅनेलला आडवी स्टीलची पट्टी मारून घ्या, नाहीतर काही महिन्यांत पत्रा वाकतो.

पायरी ५: सेफ्टी, इथे तडजोड नाही

दाराच्या दोन्ही बाजूंना जमिनीलगत समोरासमोर बसणारे जे छोटे डोळे असतात ना, फोटो सेन्सर, त्यांच्यामागे खूप दुःखद इतिहास आहे. आपोआप बंद होणाऱ्या दाराखाली लहान मुलं सापडून गेल्याच्या घटनांनंतर अमेरिकेत १९९० मध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी १९९३ पासून तिथल्या घरगुती ओपनरना दार अडथळ्यावर उलटं फिरवण्याच्या जोडीला फोटो सेन्सर किंवा सेफ्टी एजसारखी दुसरी सोय सक्तीची झाली. तिथलं मानक यूएल ३२५, युरोपात ईएन १२४५३. तुम्ही जिथे असाल तिथलं जे मानक लागू असेल त्याचा उल्लेख खोक्यावर किंवा मॅन्युअलमध्ये आहे का ते बघा. कुठल्याच मानकाचं नाव नसेल तर ते मॉडेल कितीही स्वस्त असलं तरी सोडून द्या.

सेन्सर जमिनीपासून ६ इंचांपेक्षा उंच बसवायचे नाहीत. उंच बसवले तर रांगणारं मूल किंवा मांजर त्यांच्या किरणाखालून जातं. मी एका ठिकाणी दोन्ही सेन्सर छताजवळ समोरासमोर बांधून ठेवलेले पाहिलेत, "सारखे अडवतात म्हणून". असं अजिबात करू नका. सारखे अडवत असतील तर काच पुसा, अलाइनमेंट बघा, सरळ ऊन एका डोळ्यात जात असेल तर दोघांची बाजू अदलाबदल करा.

स्मार्ट ओपनरसाठी आणखी एक गोष्ट. आपण समोर नसताना दार बंद व्हायचं असेल तर हलायच्या आधी निदान ५ सेकंद आवाज आणि लाईट दोन्हीने इशारा द्यायला हवा, यूएल ३२५ मध्ये तसा नियमच आहे. काही लोक नंतर तो बझर बंद कसा करायचा ते शोधत बसतात. तो बीप बीप आवाज दाराखाली उभ्या असलेल्या माणसासाठी आहे, राहू द्या.

पायरी ६: लाईट गेली तर?

कॅलिफोर्नियात २०१७ च्या वणव्यांमध्ये वीज गेल्यावर काही जणांना गॅरेजचं दार उघडता आलं नाही, आणि त्यानंतर तिथे १ जुलै २०१९ पासून नव्या घरगुती ओपनरला बॅटरी बॅकअप सक्तीचा केला गेला. तुमच्याकडे सक्ती नसेल तरी घरात वयस्कर माणसं असतील, दार जड असेल, किंवा गॅरेजला दुसरा दरवाजा नसेल तर बॅटरीवालं मॉडेलच घ्या. गॅरेजला आत जायला दुसरी वाट नसेल तर बाहेरून चावीने उघडणारा इमर्जन्सी रिलीज पण बसवून घ्या, नाहीतर लाल दोरी आत आणि तुम्ही बाहेर.

इथे लोक एक विसरतात. बॅटरीवर मोटर चालेल, पण लाईट गेल्यावर राउटर बंद पडला तर ॲप चालणार नाही. त्यामुळे साधा रिमोट गाडीत ठेवायचाच, किंवा राउटरला छोटा यूपीएस लावायचा. आणि ती बॅटरी कायमची नसते, दोनेक वर्षांनी तिची ताकद उतरते, तेव्हा तुमच्या मॉडेलची बॅटरी सुटी मिळते का हे घेतानाच विचारा.

पायरी ७: आता "स्मार्ट" भाग

दोन रस्ते आहेत. एक, वाय-फाय आतच असलेला नवा ओपनर. दुसरा, आहे त्या ओपनरला वेगळा स्मार्ट कंट्रोलर. तुमची मोटर ठणठणीत असेल, डीसी नसली तरी चालतेय, सेन्सर आहेत, बॅलन्स पास झालाय, तर नवी मोटर घेऊ नका. कंट्रोलर तिच्या किमतीच्या छोट्या भागात येतो आणि तासाभरात लागतो.

साधा कंट्रोलर काय करतो, तर भिंतीवरच्या बटणाच्या दोन वायर क्षणभर जोडतो, जणू कोणी बटण दाबलं. हे बऱ्याच ओपनरवर चालतं, सगळ्यांवर नाही. उदाहरणार्थ चेंबरलेन आणि लिफ्टमास्टरच्या २०११ नंतरच्या, पिवळं लर्न बटण (मोटरला नवा रिमोट शिकवायचं बटण) असलेल्या ओपनरमध्ये भिंतीवरचं बटण मोटरशी डिजिटल कोडमध्ये बोलतं, नुसत्या वायर जोडून काही होत नाही, त्याला वेगळा ॲडॉप्टर किंवा ती भाषा समजणारा कंट्रोलर लागतो. म्हणून ऑर्डर करायच्या आधी मोटरच्या मागचं लेबल आणि लर्न बटणाचा रंग याचा फोटो काढा आणि कंट्रोलरच्या कंपॅटिबिलिटी लिस्टमध्ये शोधा.

पुढे येतो तो सेन्सर ज्यावरून ॲपला कळतं की दार उघडं आहे की बंद. माझ्या पहिल्या कंट्रोलरला दारावर चिकटवायचा बॅटरीचा टिल्ट सेन्सर होता, जो दार आडवं झालं की उघडं आणि उभं असलं की बंद असं समजतो. एकदा दार जमिनीपासून हातभर वर अडकलं, वरचं पॅनेल उभंच होतं, आणि ॲप दिवसभर मला "बंद" दाखवत राहिलं. संध्याकाळी घरी आल्यावर गॅरेज उघडं. चोरी झाली नाही हे नशीब. तेव्हापासून मी दार पूर्ण टेकल्यावरच जोडला जाणारा, खालच्या कडेला बसणारा वायरवाला मॅग्नेटिक सेन्सरच सांगतो, किंवा असा ओपनर ज्याची मोटर स्वतः दाराची जागा मोजते. टिल्ट सेन्सरच मिळत असेल तर निदान तो सगळ्यात वरच्या पॅनेलवर लावा, दार उघडताना ते पॅनेल सगळ्यात आधी वळतं हे लक्षात ठेवा, आणि सोबत एक छोटा कॅमेरा ठेवा.

मग प्रश्न येतो क्लाउडचा. ॲपवरचं बटण दाबलं की हुकूम कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून परत तुमच्या गॅरेजमध्ये येतो. कंपनीने धोरण बदललं की तुमची सोय बदलते. २०२३ च्या शेवटी चेंबरलेनच्या मायक्यू या ॲप सेवेने बाहेरच्या ॲप्सचा अनधिकृत प्रवेश बंद केला, होम असिस्टंट या घरच्या ऑटोमेशनच्या सॉफ्टवेअरने त्यांच्या डिसेंबरच्या आवृत्तीतून मायक्यूची जोडणी काढून टाकली, आणि ज्यांनी घराचं सगळं ऑटोमेशन त्यावर बांधलं होतं त्यांना रात्रीतून नवं काहीतरी शोधावं लागलं. त्यातूनच रॅटगडोसारखे घरच्या नेटवर्कवरच चालणारे छोटे बोर्ड लोकप्रिय झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नेक्स कंपनीच्या कंट्रोलरमध्ये असं आढळलं की सगळ्या उपकरणांसाठी एकच पासवर्ड वापरलेला होता, म्हणजे तो मिळवणारा दुसऱ्यांची दारं उघडू शकत होता, आणि अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने त्याबद्दल जाहीर सूचना काढली.

म्हणून मी हे प्रश्न विचारायला सांगतो. इंटरनेट नसताना घरातल्या वाय-फायवरून चालतं का? तुम्ही वापरता ती सिस्टीम, ॲपल होम, गुगल होम, अलेक्सा, होम असिस्टंट, तिच्याशी अधिकृतपणे जुळतं का, की कोणाच्या जुगाडाने? त्या जोडणीसाठी दरमहा पैसे मागतात का? शेवटचं फर्मवेअर अपडेट कधी आलं? मॅटरचा (वेगवेगळ्या कंपन्यांची स्मार्ट उपकरणं एकमेकांशी जुळावीत म्हणून केलेल्या मानकाचा) लोगो दिसला तर खूश होऊन लगेच घेऊ नका, गॅरेजची दारं मॅटरच्या १.५ आवृत्तीत म्हणजे २०२५ च्या शेवटी आली, तेव्हा तुमचा डिवाइस आणि तुमचा हब दोघेही ती आवृत्ती चालवतात का ते बघा.

पायरी ८: चोराच्या नजरेने बघा

जुने फिक्स्ड कोडवाले रिमोट, ज्यात आत छोटे डिप स्विच असतात, ते असतील तर त्यांना निरोप द्या. २०१५ मध्ये सॅमी कामकर या संशोधकाने मुलांच्या एका मेसेजिंग खेळण्यात फेरफार करून अशी दारं १० सेकंदांच्या आत उघडून दाखवली होती. आता रोलिंग कोड हवाच, ज्यात प्रत्येक दाबाला कोड बदलतो. तुमचा ॲप कितीही सुरक्षित असला आणि गाडीतला रिमोट जुना असला तर काय फायदा.

ॲपच्या अकाउंटला टू-फॅक्टर (पासवर्डच्या जोडीला दुसरी खात्री) लावा. घरच्यांना तुमचा पासवर्ड देऊ नका, प्रत्येकाला वेगळा ॲक्सेस द्या, कामाला येणाऱ्या माणसाला ठराविक वेळेचा द्या आणि काम संपल्यावर काढा. आवाजाने दार उघडायला पिन असायलाच हवा, नाहीतर खिडकीबाहेरून कोणी ओरडलं तरी दार उघडेल. जुनं घर घेतलं असेल तर ओपनरची सगळी मेमरी पुसून रिमोट नव्याने शिकवा, आधीच्या मालकाचे किती रिमोट बाहेर आहेत कोणाला माहीत.

आणि ती लाल दोरी. दाराच्या वरच्या फटीतून वाकवलेली तार घालून तो लिव्हर ओढायची युक्ती चोरांना माहीत असते. त्याच्यासाठी छोटं शील्ड मिळतं, ते लावा, पण दोरी कापून टाकू नका किंवा अशी बांधू नका की आतून ओढताच येणार नाही. गॅरेजमधून घरात येणाऱ्या दाराला मात्र चांगलं कुलूप ठेवा, गॅरेज हा घराचा मुख्य दरवाजाच समजा.

पायरी ९: फिटिंग झाल्यावर, माणूस जायच्या आधी

दीड इंच जाडीची लाकडी फळी दाराखाली जमिनीवर आडवी ठेवा आणि दार बंद करा. फळीला लागल्यावर २ सेकंदांच्या आत दार उलटं फिरलं पाहिजे. नुसतं थांबलं तरी नापास, फोर्स किंवा लिमिट सेटिंग परत करायला सांगा. मग दार खाली येत असताना झाडूचा दांडा सेन्सरसमोर धरा, तेव्हाही लगेच वर जायला हवं. ही दोन्ही कामं पुढे दर महिन्याला करा, पाच मिनिटं लागतात.

रिमोट अचानक लांबून चालेनासा झाला तर मोटरमधला बल्ब बदलला होता का ते आठवा. काही स्वस्त एलईडी बल्ब रेडिओ सिग्नलमध्ये गोंधळ घालतात, बल्ब काढून बघितलं की लगेच कळतं. रोलर आणि बिजागऱ्यांना वर्षातून एक-दोनदा गॅरेज डोअरचा स्प्रे मारा, ट्रॅकच्या आत मात्र काही लावू नका, फक्त पुसा.

लोकेशनवरून दार आपोआप उघडायची सोय असते, मी ती उघडण्यासाठी वापरत नाही, फक्त "तुम्ही निघालात आणि दार उघडंच आहे" अशी सूचना यायला वापरतो. रात्री ठराविक वेळेनंतर उघडं असेल तर सूचना, ही माझ्यासाठी सगळ्यात कामाची सोय ठरली. ॲपमधून गाडी दुरून चालू करत असाल तर तिथे एक लक्ष द्या, बंद गॅरेजमध्ये पेट्रोलची गाडी काही मिनिटं जरी चालू राहिली तरी कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि आत घरात येतो, म्हणून गाडी चालू करणं आणि दार या दोन गोष्टी एकाच ऑटोमेशनमध्ये जोडू नका आणि गॅरेजला लागून असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा.

शेवटचं काम एखाद्या सुट्टीच्या सकाळी करा. मेन स्विच बंद करा, घरातल्या प्रत्येकाला, शाळकरी मुलांनाही, गॅरेजमध्ये बोलवा आणि लाल दोरी कुठे आहे ते दाखवा. मोठ्या माणसांकडून एकेकदा दार हाताने वर करून घ्या, खाली आणून घ्या, आणि ते परत मोटरला कसं जोडायचं तेही त्यांच्याच हाताने करून घ्या.